फुकटचा राखणदार

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, तर आता मुकाट ऐका. यंत्रं बोलायची तेव्हाची गोष्ट. एका नव्याकोऱ्या लॅपटॉपच्या पोटात मालकिणीनं वर्षभर खपून लिहिलेलं पुस्तक होतं. व्हायरस शिरू नये म्हणून तिनं दाराशी एक अँटीव्हायरस बसवला, फुकटातला.

एक दिवस फोटोवाल्याकडून लग्नाचे फोटो घेऊन पेनड्राइव्ह आला. बाजारातल्या सगळ्या यंत्रांत तोंड घालून आलेला.

"आधी पाय धू," अँटीव्हायरस म्हणाला.

"मी वरपक्षाचा! आमचे पाय तुम्ही धुवायचे."

"मग कर पुढं, घासूनच धुतो."

लॅपटॉप खेकसला, "फुकट्या, सोयऱ्याला अडवतोस? हाकलून देईन!"

"दे. पण मी आहे तोवर न धुतलेला पाय आत पडणार नाही. फुकट मी आहे, तिचं पुस्तक नाही."

त्यानं पेनड्राइव्ह धुतला, तसे फोटोंच्या आडून व्हायरस वळवळत बाहेर पडले. पुस्तक खाऊन ढेकर दिला असता मेल्यांनी! त्यानं ते ठेचले आणि फोटो तेवढे आत घेतले.

लॅपटॉप 'चुकलो' काही म्हणाला नाही. देवळाची फुकट राखण करतो म्हणून मला चारचौघांत हसलेला दिगंबर चिखलेही अजून म्हणालेला नाही.