सुलतानाला विकलेलं घोंगडं

“तीन दिवसांत मला एक तरी घोंगडं विकून दाखव!” झरफानचा सुलतान गरजला. “मी दाम मोजून घेतलं, तर माझ्या बाजारात खुशाल दुकान थाट. नाही घेतलं, तर मालासकट जहाज माझं!”

रेवणशेठच्या तोंडचं पाणी पळालं. झरफान म्हणजे समुद्रापलीकडचा वाळवंटी मुलूख. भरदुपारी तिथे उंटसुद्धा सावली शोधत. आणि शेठने तिथे आणलं होतं काय, तर दोनशे जाडजूड लोकरी घोंगडी! माणदेशातल्या त्याच्या तिन्ही दुकानांत ती हातोहात खपत. ‘इथे खपतं ते तिथेही खपणारच!’ असं म्हणून शेठने शीड उभारलं होतं.

“शेठ, तिथली हवा कशी, लोकांना हवंय काय, एवढं तरी आधी विचारा,” असं निघताना एकटी म्हाळू म्हणाली होती. म्हाळू धनगराची लेक. घोंगड्यांना कसर लागू नये, उसवलं तर शिवावं, म्हणून शेठने तिला जहाजावर घेतलेलं. तिचं बोलणं त्याने हसण्यावारी नेलं.

पहिल्या दिवशी शेठ दरबारात गेला. “खाविंद, एकावर एक फुकट!”

“मला एकसुद्धा नको आहे,” सुलतान म्हणाला, “दुसरं कुठे ठेवू?”

दुसऱ्या दिवशी शेठ घोंगड्याला लाल गोंडे लावून गेला.

“गोंडे झकास आहेत! कापून माझ्या उंटाला बांध, आणि घोंगडं घेऊन जा!”

दरबार खो खो हसला. शेठ धक्क्यावर डोकं धरून बसला. “बुडालो गं म्हाळू!”

म्हाळू मात्र दोन दिवस गावभर हिंडत होती. विहिरीवर बायकांशी बोलली, वाड्यातल्या पाणक्याशी गप्पा मारल्या. सगळ्यांचं रडगाणं एकच, गरम पाणी! वाड्यात तर तांब्याच्या घागरी. दुपारी त्यातलं पाणी प्यावं तर जीभ पोळायची.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तिने पाणक्याकडून एक भरली घागर मागून घेतली. घोंगडं भिजवून घागरीला घट्ट गुंडाळलं, आणि घागर वाड्याच्या दारात, वाऱ्याच्या झोतात, सावलीला ठेवून दिली. वाळलं की पुन्हा पाणी शिंपडायची.

दुपारी दरबार भरला. म्हाळू शेठसोबत ती घागर घेऊन हजर झाली. सुलतानाने पेला तोंडाला लावला आणि “थू! पुन्हा कढत!” म्हणून आदळला.

म्हाळूने आपल्या घागरीतून पेला भरून पुढे केला. सुलतान एक घोट प्यायला. त्याचे डोळे विस्फारले. दुसरा पेला. तिसरा!

“पोरी, हे पाणी कुठल्या बर्फाच्या डोंगरावरून आणलंस?”

“पाणी तुमच्याच विहिरीचं, खाविंद. घागर तुमच्याच वाड्यातली. आमचं फक्त हे!” तिने ओलं घोंगडं सोडलं, घडी केली, काखेत मारली आणि चालू लागली.

“थांब! निघालीस कुठे?”

“जहाजावर. खाविंदांना घोंगडं नकोच आहे ना!”

सुलतान मिशीत हसला. “आज दिवस मावळला की दोनशेच्या दोनशे घोंगडी मला फुकट मिळणार. मी विकत कशाला घेऊ?”

दरबारी पुन्हा हसले. म्हाळू मात्र ठसक्यात वळली.

“घ्या की फुकट! पण सदा ओली राहणारी लोकर कितीशी टिकणार? दोनशेच्या दोनशे मिळून फार तर दोन-चार उन्हाळे काढतील. मग नवी कोण आणणार? जिथे जहाज जप्त होतं, तिथे पुन्हा कोण फिरकतं? जहाज घेतलंत, तर तुम्ही चार उन्हाळे थंड पाणी प्याल. दुकान दिलंत, तर तुमचे नातूसुद्धा पितील! आता खाविंदांनीच सांगावं, फुकटचं महाग की विकतचं?”

सुलतान असा गडगडून हसला की पगडी कानावर आली.

“हरलो! दे ते घोंगडं इकडे!” त्याने दाम मोजले, गळ्यातला मोत्यांचा सर काढून म्हाळूच्या हातावर ठेवला आणि कारकुनाला हाक मारली. “चौकातली मोक्याची जागा यांना द्या. परवान्यावर नाव मात्र या पोरीचं! आणि शेठ, तिला निम्मी भागी द्यायची, कबूल?”

“कबूल, खाविंद, कबूल!” शेठने हात जोडले.

“मग उभा काय राहिलास? घागर गुंडाळ! मला अजून तहान आहे!”