पायरीचा घोट

"पण वस्ताद, चाखल्याशिवाय कळतं कसं?"

हेमराजनं तिसऱ्यांदा विचारलं. सुखलाल वस्तादांनी तिसऱ्यांदा ऐकलंच नाही. ते पातेल्यात दालचिनी टाकत होते.

चिखलदऱ्याच्या पठारावर, अगदी दरीच्या काठाला असलेल्या एका विश्रामगृहाचं हे स्वयंपाकघर. थंडी पडली की दिवस कलताच पाहुणे एकच मागतात, वस्तादांचं गरम चॉकलेट. दूध, चॉकलेटची वडी, साखर, सुंठ, लवंग, दालचिनी, चिमूटभर मिरी. आणि पातेलं चुलीवरून उतरलं की वर पहिल्या धारेची मोहाची दारू. आधी घातली तर वाफेबरोबर उडून जाते. तीन महिन्यांत वस्तादांनी आपणहून शिकवलं ते एवढंच.

वस्ताद आता थकले होते. चार दिवसांत ते आपल्या कोरकू गावी परतणार होते. जाताना आपली पळी ते ज्याच्या हातात देतील त्याचं हे स्वयंपाकघर, असं मालकानं सांगून टाकलं होतं.

हेमराजला ती पळी हवी होती. पोरगा हुशार, नागपुरात हॉटेलचं रीतसर शिकून आलेला, आणि नाकावर माशी बसू न देणारा. मिरी किती, सुंठ किती, सगळं त्यानं वहीत उतरवलं होतं. एक गोष्ट तेवढी उतरवता येईना.

वस्ताद पातेल्यातलं कधी चाखत नसत. पळीभर घेऊन मागच्या दारी जात. तिथे काळ्या दगडाची एक पायरी, पायरीपुढे दरी आणि धुकं. पायरीवर चार थेंब सांडत, हळूच एक नाव घेत आणि उकिडवे बसून बघत राहत.

थेंब नाहीसे होत...

मुरत नसत, ओघळत नसत. एका कडेनं कमी कमी होत जात, कुणी सावकाश पीत असावं तसे. कधी मागे साखरेची रेघ राही, मग वस्ताद येऊन दूध वाढवत. कधी थेंब अर्ध्यावरच थांबत, मग मोहाची आणखी थोडी पडे. पायरी कोरडी झाली की पेले भरायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेमराजच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्यानं मनाची समजूत घातली, दगडच तसला असेल. भर दुपारी जाऊन त्यानं पायरीवर पाणी ओतून पाहिलं. तासाभरानं आला तरी पाणी तिथेच. तेव्हापासून तो त्या पायरीवर पाय देत नसे.

"आज तू कर," वस्ताद म्हणाले.

हेमराजनं छाती काढून केलं. दोनदा चाखलं, झकास उतरलं होतं. पळी घेऊन तो बाहेर गेला, थेंब सांडले आणि रोज कानावर पडणारं नाव घेतलं.

थेंब जिथल्या तिथे. त्यांच्यावर साय धरली.

"कोनाचं नाव घेतलं?"

"तुम्ही घेता तेच. फुलंती."

"ते माही बायको होय," वस्ताद शांतपणे म्हणाले. "तिनं तुह्या हातचं काहून प्यावं?"

वस्तादांनी एवढंच वर सांगितलं, की चाखलेलं तिथे ठेवत नाहीत, उष्टं होतं. त्यावर हेमराज चिडून बरंच बोलला. न चाखता पाहुण्यापुढे पेला ठेवणारा स्वयंपाकी कसला, वगैरे. वस्ताद तोवर पातेलं घासायला बसले होते.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं जीभ आवरली. चाखलं नाही. नाव घेतलं आजोबांचं, ज्यांना त्यानं फक्त फोटोत पाहिलं होतं. थेंब पडून राहिले आणि सकाळी गोठलेले सापडले.

"जवळचं कोनी गेलं नाही काय तुह्या घरचं?" वस्तादांनी विचारलं.

हेमराज चुलीतली लाकडं मागे ओढू लागला.

गेलं होतं. त्याचे वडील. दोन वर्षांपूर्वी, परतवाड्याला, पौषात. पिऊन पिऊन माणूस संपत आलेला. त्या संध्याकाळी दाराबाहेरून म्हणाले होते, हेमू, लय थंडी वाजते रे, घोटभर काही ऊन दे. बाटलीच मागताहेत, असं समजून हेमराजनं कडी काढली नाही. सकाळी काढली. त्यानंतर बापाला त्यानं एकदाही हाक मारली नव्हती. श्राद्धाला भटजींनी नाव विचारलं, तेही काकानं सांगितलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी वस्तादांचं बोचकं बांधून तयार होतं. हेमराजचं चॉकलेट झालं, मोहाची पडली, आणि सवयीनं त्यानं चमचा तोंडाला लावला. जीभ भाजली तेव्हा कुठे ध्यानात आलं. दूध संपलेलं. पुन्हा करायची सोय नव्हती.

आता पळी गेलीच, हे त्याला कळून चुकलं. तरी तो भरल्या पळीनं बाहेर गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

धुकं पायरीपर्यंत चढलं होतं. त्यानं थेंब सांडले. नाव घेणार, तोच थांबला. बापाला कुणी नावानं हाक मारतं का?

"बाबा..." तो म्हणाला. "ऊन हाय. घ्या."

क्षणभर काहीच झालं नाही. मग चारही थेंब एकदम गेले.

आणि हातातली पळी हलकी होऊ लागली...

त्यानं खाली पाहिलं. चॉकलेट उतरत चाललं होतं. समोर कुणी नव्हतं, नुसतं धुकं, तोंडाला लागेल इतकं जवळ. पळीच्या काठावर कटकट वाजत होतं, काकडलेल्या माणसाचे दात वाजतात तसं. हेमराजची बोबडी वळली. पण त्यानं पळी मागे घेतली नाही. हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली, आणि तो ढसाढसा रडायला लागला.

कटकट हळूहळू कमी झाली. मग थांबली.

पळी आतून कोरडी होती. हेमराज वळला. दारात वस्ताद उभे होते. त्यानं पळी त्यांच्यापुढे धरली. ती आता आपली नव्हे, हे कबूल करण्याएवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

"वस्ताद, मी चाखलं होतं... उष्टं होतं ते."

वस्तादांनी त्याची बोटं पळीच्या दांड्यावर मिटवली.

"बापाले लेकराचं उष्टं चालते."