ट्रॉलीचा जोडीदार

बैलगाड्या मागं पडून मोटारी आल्या, तेव्हाची ही गोष्ट. बंगल्यांची हिरवळ कापणाऱ्या भिवाजी माळ्यानं यंत्र न्यायला एक ट्रॉली घेतली. तिला ओढायला गाडी हवी होती. बाजारात एक ट्रक आणि एक जुना टेम्पो विकायला उभे होते. आपण कुणाच्या मागं बांधले जाणार, या विचारानं ट्रॉलीला चैन पडेना.

“तुझ्यासारख्या चौघींना ओढीन मी,” ट्रक म्हणाला. “हा म्हातारा चढावर खोकत बसेल.”

“खोकतो खरा,” टेम्पो हसला.

भिवाजीनं आधी ट्रकला जोडून पाहिलं. बंगल्यांची गल्ली पुढं बंद होती, म्हणून उलटं यावं लागलं. ट्रकनं जोरात मागं रेटलं, तशी ट्रॉली आडवी होऊन कुंपणात घुसली. यंत्र पडता पडता राहिलं.

“सरळ चाल की गं!” ट्रक खेकसला.

मग टेम्पोची पाळी आली. तो थोडं मागं यायचा, थांबायचा.

“बाई, कुठं कलतेयस?”

“डावीकडं.”

“मग मीही जरा डावीकडं वळतो.”

दोघं अलगद बाहेर आली. भिवाजीनं टेम्पो घेतला.

“पण ताकद माझ्यात जास्त आहे!” ट्रक ओरडला.

“आहे ना, दादा,” ट्रॉली म्हणाली. “पण आरशात तुम्ही एकदाही माझ्याकडं पाहिलं नाहीत.”