शोभेचे मुळे

जनावरे बाजारहाट करीत त्या काळी एका सशाने खर्चाला आळा घालण्यासाठी दारी मुळे लावले. पाला असा तरारला की वाटसरू थांबून वाखाणू लागले. सशिणीला वाटले, आता बाजार सुटला!

"अहो, आपलाच एखादा उपटू का? कणगीचा तळ दिसू लागला आहे."

"वाफ्याची शोभा घालवतेस? रानडुकराकडून आण!" ससा गुरकावला.

बिचारी धान्य देऊन मुळे आणीत राहिली. कणगी रिकामी होऊन पोरे भुकेने रडू लागली, तेव्हा कुठे सशाने स्वतःचा मुळा उपटला. तो इतका जून झाला होता की दात लागेना.

रानडुक्कर कुंपणापलीकडून म्हणाले, "ससेराव, खाता कशाला? काठी करा! दारोदार मागत फिरताना टेकायला होईल."