आबांनी उतरवलेली ढेप

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्याकडे गुळाची ढेप मागितली. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण हे आचार्य गूळ खात नसत. चाळीस वर्षांत त्यांच्या जिभेवर गुळाचा खडा पडलेला कुणी पाहिला नव्हता. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा ते कपाळाला लावत आणि बाजूला ठेवून देत. पाठशाळेतले विद्यार्थी त्यावर टपून बसलेले असत.

शिष्य काही लहान नव्हता. चाळिशीला टेकलेला होता आणि स्वतः दहाबारा जणांना शिकवत होता. त्याचे आईवडील पाठशाळेपासून अठरा दिवसांच्या वाटेवर, उसाच्या मुलखात राहत. सहा वर्षांत त्यांची भेट नव्हती. त्या वर्षी मार्गशीर्ष लागता लागता तिकडून आलेल्या एका वाटसरूने निरोप आणला, की वडिलांची नजर अधू झाली आहे, ते घराबाहेर पडत नाहीत, आणि आईही पार वाकली आहे. शिष्याला अन्न गोड लागेना. त्याने आचार्यांकडे सबंध हिवाळ्याची रजा मागितली.

"अवश्य जा," आचार्य म्हणाले. "मात्र येताना माझ्यासाठी गुळाची एक लहानशी ढेप आण. बाजारातली नको. तुझ्या वडिलांनी स्वतः काहिलीपाशी उभं राहून उतरवलेली हवी."

शिष्याचे वडील गुळवे होते. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो. तो कधी शिजला, काहील कोणत्या क्षणी चुलीवरून उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा घाई झाली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. सगळ्या गुऱ्हाळाचे कष्ट त्या एका माणसाच्या एका शब्दावर येऊन थांबतात.

"गुरुजी, आबा पंच्याहत्तरीचे आहेत," शिष्य म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हातून एक आधण करपलं. काहीलभर रस वाया गेला. तेव्हापासून त्यांनी गुऱ्हाळाचं तोंड पाहिलेलं नाही."

"तो निरोप मीही ऐकला."

"मी त्यांची सेवा करायला निघालो आहे. त्यांना राबवायला नाही."

"सेवा कर. ढेपही आण," आचार्य म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे मिटले की बोलणं संपलं, हे पाठशाळेत सर्वांना ठाऊक होतं.

शिष्य अठराही दिवस मनातल्या मनात धुमसत चालला. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही धुमसलो असतो.

घर दिसलं तेव्हा ऊन चढलं होतं. आई उंबऱ्यापाशी बसली होती. तिने कपाळावर आडवा हात धरून पाहिलं, ओळखलं, आणि "आलास बाळा" म्हणत भिंतीला हात लावून उठू लागली. त्या मुलखात उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. शिष्याने पुढे होऊन तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस आई. तू उठू नकोस. मी घेतो."

तो आत गेला, माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्यायला, आणि मग आबांच्या पाया पडला. आबा खाटेवर होते. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाळलास."

दुसऱ्या दिवसापासून शिष्याने सेवेला जी सुरुवात केली, ती पाहून गाव थक्क झालं. तो उजाडायच्या आत नदीचं पाणी आणी, आंघोळीचं पाणी तापवी, दळण शेजारच्या जात्यावर दळून आणी. भाकऱ्याही तोच थापी. त्या भाकऱ्यांना चार चार कोपरे असत आणि आबा त्या मुकाट्याने चावत. आईला वाकावं लागू नये म्हणून त्याने जातं उचलून अडगळीत ठेवलं. परसातली तिची भेंडीची झाडं तोच शिंपू लागला. आबा उठायला लागले की तो धावत जाऊन त्यांना परत निजवी. शेजारपाजारचे येऊन म्हणत, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. आईवडील "व्हय" म्हणत आणि आपल्या हातांकडे पाहत बसत.

पंधरा दिवस झाले. सेवेत उणं काही नव्हतं, पण घर मलूल होत चाललं होतं. आबांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. आज वार कोणता, हे ते एकाच दिवसात तीनतीनदा विचारू लागले. आई काम करता करता सतत काहीतरी बोलत असे, जात्याशी, चुलीशी, मांजराशी. ती आता दिवसदिवस बोलेनाशी झाली. शिष्याला वाटलं, थंडी बाधली. त्याने दोघांच्या अंगावर आणखी एकेक घोंगडी घातली.

एका सकाळी तो तिचे पाय चेपत होता. आईने हलकेच विचारलं, "बाळा, माझं काही चुकलं का रं?"

"असं का विचारतेस?"

"हातातलं समदं काढून घेतलंस, म्हणून इचारलं."

शिष्याचे हात थांबले. त्याच सुमारास वारा फिरला आणि गावाबाहेरच्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास घरात शिरला. खाटेवर आबांनी मान उचलली. क्षणभर ते तसेच राहिले, मग भिंतीकडे तोंड करून पुन्हा निजले. ते पाहून इतके दिवस दाबून ठेवलेली गोष्ट शिष्याच्या तोंडून निघून गेली.

"आबा, आमच्या गुरुजींनी एक विचित्र मागणी केली आहे. त्यांना तुम्ही उतरवलेल्या गुळाची ढेप हवी आहे."

भिंतीकडे तोंड असतानाच आबांनी विचारलं, "मागल्या सालचं सांगितलंस का त्यास्नी?"

"सांगितलं."

"करपल्याचं?"

"तेही सांगितलं."

"आनी तरीबी मागितली?"

"तरीही मागितली."

आबा या कुशीवर वळले. "माझा पटका कुठं ठेवलाय बघ," ते म्हणाले. शिष्याने आईकडे वळून पाहिलं, तर आई जागेवर नव्हती. ती परसात भेंडीची झाडं कापत होती. उकळत्या रसात भेंडीच्या खोडांचं चिकट पाणी टाकलं की रसातला मळ वर येतो. आबांच्या आधणांना हे पाणी चाळीस वर्षं तिच्याच हातचं असे.

गुऱ्हाळ शिदोजी नावाच्या शेतकऱ्याचं होतं. मागच्या साली करपलेलं आधण त्याच्याच उसाचं. माणूस भला होता. त्याने आबांना बसायला पोतं अंथरलं.

"आबा, शेकत बसा. आता काहिलीवर नवा गडी ठेवलाय मी."

"बसाया न्हाई आलो. मला एक आधण दे. एकच."

शिदोजी शिष्याकडे पाहू लागला. हे आधणही बिघडलं तर आबा पुन्हा कधी खाटेवरून उठणार नाहीत, हे त्या दोघांनाही कळत होतं. आणि मग त्या पापाचा धनी कोण, हे शिष्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या ओठांवर आलं होतं, नको, यांना घरी नेतो. तो आईकडे वळला. ती भेंडीच्या पाण्याची घागर कमरेवर घेऊन ताठ उभी होती. तो आल्यापासून ती इतकी ताठ उभी राहिलेली त्याने पाहिली नव्हती.

"द्या," शिष्य म्हणाला.

रस उकळू लागला. आईने भेंडीचं पाणी सोडलं, मळ वर आला, गड्यांनी झाऱ्याने काढून टाकला. वाफेचे लोट उठले. आबा काहिलीपाशी उभे होते, पण त्यांना समोर पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं.

"रंग काय हाय?" त्यांनी मुलाला विचारलं.

"पिवळा."

"कसला पिवळा? हळदीचा का सोनचाफ्याचा?"

शिष्याने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "मला ओळखता येत नाही, आबा."

आबा हसले. त्या हिवाळ्यातलं त्यांचं पहिलं हसू. "एवढ्या पोथ्या वाचल्यास, आनी पिवळा कळंना व्हय तुला?" मग त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "मागल्या साली मी बी ह्येच केलं. दिसत नसताना बघत बसलो." त्यांनी काहिलीकडे पाठच फिरवली आणि डोळे मिटून कान दिला. "आता कुनी बोलू नगा."

सगळं गुऱ्हाळ गप्प झालं. बैलांचा चरकसुद्धा थांबवला गेला. आधी रस चळचळत होता, मग बुडबुडू लागला, मग तो आवाज हळूहळू जड होत गेला. आबांनी थंड पाण्याची वाटी मागितली. रसाचे दोन थेंब पाण्यात पडले, त्यांनी ते बोटांत वळून गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण् आवाज झाला.

"उतरा."

"अजून थोडं हवंय," नवा गडी म्हणाला.

गड्यांचे हात दांड्यांवर आणि डोळे शिदोजीवर होते. शिदोजी एक क्षण घुटमळला. एवढा एक क्षण शिष्याला अठरा दिवसांच्या वाटेपेक्षा लांब वाटला.

"शिदोजी," आबा म्हणाले, "उतरा म्हटलं न्हवं मी."

काहील उतरली.

दुपार कलेपर्यंत आबा बसले नाहीत की काही खाल्लं नाही. अखेर साच्यात थिजलेली ढेप पालथी करून काढली. ती अख्खी, स्वच्छ निघाली. शिदोजीने बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली, काठाचा एक तुकडा मोडला आणि उन्हात धरला. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. त्याने तो आबांना दिला, आबांनी तो आईच्या हातावर ठेवला. आईने चाखून पाहिला. चाळीस वर्षांची पारखी जीभ ती. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"धा वर्सांत असा गूळ झाला न्हाई," ती म्हणाली.

"पंधरा म्हन," आबा म्हणाले.

शिदोजीने डोक्यावरचा पटका काढला आणि सगळ्यांदेखत आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "उद्यापास्नं माझं समदं आधण तुमच्या हाती," तो म्हणाला. नव्या गड्यानेही तेच केलं, आणि विचारलं, आवाज जड झाला म्हणजे नेमका कसा ते मला शिकवाल का. शिष्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. धूर डोळ्यांत गेला, असं तो म्हणाला. धूर त्या वेळी दुसऱ्या बाजूला जात होता.

उरलेला हिवाळा त्या घरात सणासारखा गेला. जातं अडगळीतून बाहेर आलं. भाकऱ्या पुन्हा गोल झाल्या आणि आबांना तिसरी लागू लागली. शिष्य नदीचं पाणी आणी, सरपण फोडी, पण आता आई त्याला कामं सांगे आणि चुकला की बोलेही. संक्रांत झाली, त्याचा निघायचा दिवस आला. निरोप घ्यायला तो गुऱ्हाळावर गेला, तर आबांना डोकं वर काढायला फुरसत नव्हती. त्यांनी घाईघाईने आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "माझं आधण चढलंय. नीघ तू. गुरुजींस्नी माझा नमस्कार सांग." असा आनंदाचा निरोप शिष्याने आयुष्यात कधी घेतला नव्हता.

पाठशाळेत परतल्यावर त्याने ढेप आचार्यांपुढे ठेवली आणि सारी हकीकत सांगितली. आचार्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"पोहोचलास तेव्हा पाणी कुणी दिलं?"

"मीच घेतलं. आई उठत होती, मी तिला बसवलं."

"चाळीस वर्षांमागे मीही असाच एक हिवाळा आईकडे गेलो होतो," आचार्य म्हणाले. "ती गूळपाणी आणायला उठली आणि मी तिला खाली बसवलं. त्या सबंध हिवाळ्यात मी तिला उठू दिलं नाही. लोकांनी माझी वाहवा केली आणि मला ती गोड लागली. फाल्गुनात ती गेली. मी तिला एवढं सुख दिलं होतं, बाबा, की सकाळी उठण्याचं कारणच शिल्लक ठेवलं नव्हतं. तिच्या हातचा तो गुळाचा खडा राहूनच गेला. त्यानंतर गूळ तोंडात घालण्याची मला लाज वाटू लागली." त्यांनी ढेपेवरून हात फिरवला. "तुझ्या वडिलांची नजर गेली होती, विद्या गेली नव्हती. पण ती त्यांच्याकडे कुणी मागत नव्हतं. म्हाताऱ्या आईवडिलांना आपण देतो ते त्यांना हवंच असतं. पण त्यांच्याजवळ मागण्यासारखं अजून काही आहे, हेही कुणीतरी त्यांना कळवावं लागतं. ते तुला शब्दांनी सांगितलं असतं तर तू नुसतं पाठ केलं असतंस."

मग आचार्यांनी ढेपेचा एक खडा मोडला आणि सर्वांसमक्ष तोंडात टाकला. विद्यार्थी टकमक पाहत राहिले. आचार्यांनी डोळे मिटले, सावकाश तो खडा विरघळू दिला, आणि म्हणाले, "नव्या गड्याचं ऐकलं असतं तर करपला असता."

पुढच्या हिवाळ्यात शिष्य पुन्हा अठरा दिवस चालून गेला. आबा गुऱ्हाळावर होते. आई उंबऱ्यापाशी धान्य निवडत बसली होती. माठ त्याच्यापासून चार पावलांवर होता. तो तिच्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "आई, तहान लागली आहे."

आईने सूप बाजूला सारलं. भिंतीला हात लावला, गुडघ्यावर हात दिला आणि सावकाश उठली. तिला वेळ लागला. आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, तांब्या माठात बुडाल्याचा आवाज आला. शिष्य जागचा हलला नाही. आई गूळ आणि पाणी घेऊन बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता.

"हळू पी," ती म्हणाली. "आदी गूळ खा."