खड्ड्यात शेंग, खड्ड्यावर चाक

घाटाच्या पायथ्याशी एक चिंच होती. चिंचेवर एक खार राहायची. खार इवलीशी. शेपूट मात्र हे एवढं, झुपकेदार. म्हणून तिचं नाव झुपी.

एकदा झुपीला एक शेंग सापडली. भुईमुगाची. चांगली टपोरी. झुपीनं चिंचेखाली खड्डा खणला. खुडखुड खुडखुड. शेंग खड्ड्यात ठेवली. वर माती ओढली.

"भूक लागली की खाईन," म्हणाली. आणि फांदीवर जाऊन झोपली.

तेवढ्यात भर्रर्र करत एक गाडी आली. जुनी गाडी. पोपटी रंगाची, गोल गोल डोळ्यांची. चिंचेच्या सावलीत येऊन थांबली. गाडीतून नरहरकाका उतरले. कुमुदकाकू उतरल्या. दोघं बारशाला निघाले होते. काकूंच्या भावाला बाळ झालं होतं ना. काकू बाळाची आत्या. आणि बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच.

काकूंनी डबा उघडला. दोघांनी दशम्या खाल्ल्या. ताक प्यायले. मग गाडीत बसले. काकांनी किल्ली फिरवली.

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

गाडी काही सुरू होईना.

"सकाळी तर पटकन सुरू झाली," काकू म्हणाल्या. "मग आत्ताच का नाही?"

"तू सावलीत बस बघू," काका म्हणाले. "तुला गाडीतलं काय कळतं?"

काकू उतरल्या. सावलीत बसल्या. काकांकडे पाठ करून बसल्या.

काकांनी गाडीचं बॉनेट उघडलं. आत पाहिलं. डोकं खाजवलं. परत किल्ली फिरवली. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

त्या आवाजानं झुपी जागी झाली. भूक लागली होती. तुरुतुरु खाली आली. बघते तर काय? खड्ड्यात शेंग, खड्ड्यावर चाक.

झुपीनं पंजा घातला. जाईना. नाक घातलं. जाईना.

मग झुपी गाडीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गाडी, गाडी, हल ना. मला शेंग मिळेना."

"मी नाही हलणार," गाडी म्हणाली.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"माझी बॅटरी ठणठणीत. ऐक, घुर्र घुर्र. माझी ठिणगीही पडते. चट चट. पण पेट्रोलच येत नाही. पेट्रोल येऊ दे, मग मी हलेन."

असं होय. झुपी पेट्रोलकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. पेट्रोल टाकीत बसलं होतं. डुबुक डुबुक.

"पेट्रोल, पेट्रोल, धाव ना. गाडी हलेना, मला शेंग मिळेना."

"मी नाही धावणार," पेट्रोल म्हणालं.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"मला पाय कुठे आहेत? पंप मला ढकलतो, तेव्हाच मला धावता येतं. पंप ढकलू दे, मग मी धावेन."

असं होय. झुपी पंपाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. पंप इंजिनाला चिकटून बसला होता. गरमागरम. चटका बसेल म्हणून झुपी काठावरच थांबली.

"पंपा, पंपा, ढकल ना. पेट्रोल धावेना, गाडी हलेना, मला शेंग मिळेना."

"मी नाही ढकलणार," पंप म्हणाला. फूऽऽ.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"सकाळी मी गार होतो. आता तापलोय. माझ्यातलं पेट्रोल तापलं, त्याची वाफ झाली. वाफेला कसं ढकलू? ती तर नुसती इकडून तिकडे पळते. ओलं फडकं माझ्यावर बसू दे, मग मी ढकलेन."

असं होय. झुपी फडक्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. पिवळं फडकं गाडीच्या दाराला लटकलं होतं. झोके घेत होतं.

"फडक्या, फडक्या, भिज ना. पंप ढकलेना, पेट्रोल धावेना, गाडी हलेना, मला शेंग मिळेना."

"मी नाही भिजणार," फडकं म्हणालं.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"कशात भिजू? वाऱ्यात? हापसा पाणी देऊ दे, मग मी भिजेन."

असं होय. झुपी हापशाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. हापसा रस्त्याकडेला उभा होता. एक हात वर करून.

"हापशा, हापशा, पाणी दे ना. फडकं भिजेना, पंप ढकलेना, पेट्रोल धावेना, गाडी हलेना, मला शेंग मिळेना."

"मी नाही देणार," हापसा म्हणाला.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"माझा दांडा कोण दाबणार? तू?"

झुपीनं दांड्यावर उडी मारली. टुणकन. दांडा हललासुद्धा नाही.

"काकू उठू देत, मग मी देईन," हापसा म्हणाला.

असं होय. झुपी काकूंकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, उठा ना. हापसा पाणी देईना, फडकं भिजेना, पंप ढकलेना, पेट्रोल धावेना, गाडी हलेना, मला शेंग मिळेना."

"मी नाही उठणार," काकू म्हणाल्या.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"मला काय बाई, गाडीतलं कळत नाही. असं तुझे काका म्हणतात. ते मला नीट विचारू देत, मग मी उठेन."

असं होय. झुपी काकांकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. काका गाडीत घाम पुसत बसले होते.

"काका, काका, विचारा ना. काकू उठेनात, हापसा पाणी देईना, फडकं भिजेना, पंप ढकलेना, पेट्रोल धावेना, गाडी हलेना, मला शेंग मिळेना."

"मी नाही विचारणार," काका म्हणाले.

झुपीनं मान वाकडी केली. "का बरं?"

"गाडी माझी आहे. मला सगळं ठाऊक आहे."

"मग गाडी सकाळी सुरू झाली, आत्ता का नाही?"

काकांनी गाडीकडे पाहिलं. चिंचेकडे पाहिलं. किल्लीकडे पाहिलं.

"ते नाही बुवा ठाऊक," काका हळूच म्हणाले.

"ठाऊक नसलं की विचारायचं," झुपी म्हणाली. "मी तर सगळ्यांना विचारत आले. पंप म्हणाला, मी तापलोय."

"पंप तापलाय होय?" काकांनी कपाळावर हात मारला. "माझे वडील घाटात पंपावर ओलं फडकं टाकायचे. विसरलोच की मी."

काका गाडीतून उतरले. काकूंसमोर जाऊन उभे राहिले.

"कुमुद, सकाळी सुरू झालेली गाडी आत्ताच का नाही, हे तूच बरोबर विचारलंस. आता जरा हापशावर येतेस का?"

"मला गाडीतलं काय कळतं?" काकू म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा बरं कळतं."

काकूंना हसू आलं. पदर खोचून त्या उठल्या.

काकांनी विचारलं, काकू उठल्या.

काकू उठल्या, हापशानं पाणी दिलं. खटॅक खळ्ळ, खटॅक खळ्ळ.

हापशानं पाणी दिलं, फडकं भिजलं. चिंब चिंब.

फडकं भिजलं, पंपावर बसलं. चर्रर्र.

काका लगेच किल्ली फिरवायला निघाले.

"थांबा हो जरा," काकू म्हणाल्या. "तापलेली गाडी तुमच्यासारखीच. निवायला वेळ लागतो."

सगळे थांबले. फडकं सुकलं. परत भिजवलं. परत ठेवलं. झुपी काठावरून वाकून बघत होती.

"झालं?" झुपीनं विचारलं.

"अजून नाही," पंप म्हणाला.

"आता झालं?"

पंपानं एक थंडगार श्वास घेतला. "आता झालं." झुपी खाली उतरली, काकूंनी बॉनेट लावलं.

काकांनी किल्ली फिरवली. घुर्र घुर्र. पंपानं ढकललं. पेट्रोल धावलं. खुळखुळ खुळखुळ. घुर्र घुर्र... फट... भर्रर्र.

"सावकाश घ्या," काकू म्हणाल्या. "चाकाजवळ खार आहे."

गाडी हलली. हळूऽऽ पुढे सरकली. खड्ड्यावरचं चाक गेलं.

झुपीनं माती उकरली. खुडखुड खुडखुड. शेंग होती. तश्शीच होती, टपोरी.

झुपीनं शेंग दोन पंजांत धरली. टरफल फोडलं. कट्ट. गुलाबी गुलाबी दाणे खाल्ले. कुटुम कुटुम कुटुम.

शेंग झुपीच्या पोटात. गाडी गेली घाटात. आणि गोष्ट? गोष्ट तुझ्या ओठात.