बोलगोटा

एका राज्यात चावडीवर एक काळा गोटा असे. ज्याच्या हाती गोटा त्याने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. म्हणून त्याचे नाव बोलगोटा.

राजाने तळ्याचे पाणी अडवले, तेव्हा तुंगा कोष्टिणीने हाच गोटा हाती घेऊन नगर उठवले. सारी प्रजा राजवाड्यावर गेली. राजा सज्जात आला. तो बोलू लागणार, तोच तुंगाने रागाच्या भरात गोटा भिरकावला. राजाचे कपाळ फुटले, तो गोट्यासकट रानात पळाला. पाणी मोकळे झाले, आणि शाप लागला. नगरात कुणाला एकट्याने बोलता येईना. हजार तोंडे उघडत, आवाज एकच निघे, आणि तो ज्याला राजाचा म्हणे तो दगड होई.

पहिला गेला राजाच्या बागेतला म्हातारा माळी. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोकडे बोटे वळली, तेव्हा तुंगाचा नवरा हैबती हात जोडून आडवा आला. "हाही राजाचाच!" आवाज गरजला. हैबती दगड झाला. त्या आवाजात तुंगाचाही आवाज होता.

हैबती जन्मभर म्हणत आला होता, "मला नाही पटत, तुंगे." तेव्हा ती भांडी आपटायची. आता त्या चार शब्दांसाठी तिचा जीव तुटे. रोज ती दगडाच्या पायाशी सूत घेऊन बसे आणि त्याच्या ओठांकडे पाही.

एके दिवशी दगडाच्या खांद्यावर साळुंकी उतरली. पाखरांना शाप नव्हता.

"कामे तीन," ती म्हणाली. "ज्याला मारलेस त्याला गाठ. त्याचे पुरते ऐक. मग ज्यांच्यासाठी मारलेस त्यांच्या हाती गोटा दे."

सात डोंगर ओलांडल्यावर गुहेत राजा भेटला. कपाळावर वण, मांडीवर गोटा.

"गोटा द्यावा, महाराज."

"आधी माझे ऐक."

तीन दिवस तो बोलला. थोडे खरे, बरेचसे खोटे. तुंगाच्या जिभेवर दहादा उत्तर आले, दहादा तिने गिळले. चौथ्या दिवशी राजाची मान खाली गेली. "पाणी अडवले हे चुकलेच. ने गोटा."

ती नगरात शिरली आणि आवाज उठला, "ही राजाला भेटली! ही राजाचीच!" पाय दगडाचे झाले, मग कंबर. गोटा धरलेला हात पुन्हा उगारायला शिवशिवला. तुंगाने तो पुढे केला, समोरच्या म्हाताऱ्या कुंभारणीच्या ओंजळीत गोटा ठेवला आणि त्यावरचा हात न काढता ती बोलली,

"पहिला धोंडा मी मारला. माझं चुकलं. आता तुम्ही बोला, आजी."

म्हातारीने गोटा छातीशी धरला. मग खरखरीत, एकटा आवाज आला, "मला त्या माळ्याची लई आठवण येते गं."

शेजारच्याने गोट्यासाठी हात पसरला. गोटा हातोहात फिरला, ज्याचा त्याला आवाज मिळाला, आणि दगडांची माणसे झाली.

हैबती डोळे चोळत आला. तुंगा एका दमात म्हणाली, "राजाला चावडीवर बोलावू, सगळ्यांसमोर त्याचा न्याय करू."

"मला नाही पटत, तुंगे."

तुंगाला रडूच कोसळले. तिने हातोहात फिरणारा गोटा मागून घेतला, नवऱ्याच्या हाती दिला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."